मेस्त, बाबांची बडी पुन्हा हातात सरकते आहे

आदरणीय मेस्त,

सादर नमस्कार.

हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं. दिवाळीनंतरच्या नऊ दुपारी मी तुमच्या पडवीत काढल्या आणि शेवटच्या दिवशी बाबांची क्यू, म्हणजे बिलियर्ड्स खेळायची काठी, तुमच्या शब्दांत बडी, नळीत घालून निघताना तोंडातून फक्त ‘येतो हं’ एवढंच निघालं. तुम्हीही मान हलवलीत आणि देव्हाऱ्याच्या कमानीकडे वळलात. घरी पोचेपर्यंत गळ्याशी काहीतरी अडकून राहिलं होतं. ते आज कागदावर उतरवतो.

तुम्ही रोज चष्मा लावून मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता, हे मी पाहिलं आहे. म्हणून हेही मराठीतच, आणि कोणालाही वाचता यावं असं उघड. तुमचं नाव आणि गाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. गोव्यात फोंड्याकडचे एक मेस्त, म्हणजे सुतार, एवढं पुरे. पण तुम्ही काय काय केलंत ते मात्र तपशिलानं लिहिणार आहे. अशा जुन्या क्यू अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडलेल्या असतील, आणि मी आधी माझ्या क्यूचं जे केलं ते त्यांच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमचे बाबा मुंबईत नोकरीला होते. कामावरून सुटले की बिलियर्ड्सचा हॉल. त्या पिढीला विल्सन जोन्स हे नाव देवासारखं. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला आणि १९६४ साली पुन्हा. घरातल्या लग्नकार्याचं साल सांगावं तसं बाबा ते ५८ साल सांगत. पहिल्या बोनसमधून त्यांनी ही क्यू घेतली, तीही कोणाची तरी वापरलेली. ५८ इंच लांब, ॲशच्या लाकडाचा दांडा, मुठीला काळंभोर एबनी लाकूड. मधे जोड नाही, सगळी एकसंध. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पत्र्याच्या नळीत घालून रात्रभर बसमध्ये ती त्यांनी गुडघ्यांत उभी धरून आणली. बाकीचं सामान टपावर होतं.

मधे कधीतरी कोणा पॉलिशवाल्यानं तिच्यावर जाड चकचकीत थर चढवला होता. बाबा गेल्यावर ती सहा वर्षं नळीतच राहिली. गेल्या पावसाळ्यात मी ती काढली, तेव्हा तो थर पिवळा पडून जागोजागी चिकट झाला होता. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बंद नळीत त्या दमट हवेनं दुसरं काय होणार? खेळणाऱ्याला हे फार जाचतं. टेबलावर टेकवलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या खाचेतून दांडा सरकत असतो. तिथे तो एका केसाएवढाही अडला तर फटका तुटतो, आणि पांढरा चेंडू जायचा तिथे जात नाही.

मी बाजारातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणला. दांड्याभोवती गुंडाळला आणि पिळल्यासारखा फिरवला. दहा मिनिटांत टोकाकडच्या वीतभर भागावर आडव्या रेघांचं जाळं उमटलं. थर निघालाच नाही, उलट पेपरच त्यानं भरून गेला. बाबांच्या वस्तूला मी इजा केली, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही पालखीचे दांडे केलेत, देव्हारे केलेत, जुन्या घरांतल्या नक्षीच्या खुर्च्यांना नवे पाय दिलेत. क्यू मात्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतात. मला वाटलं होतं, तुम्ही ती बघाल, रंध्याकडे हात न्याल आणि दोन दिवसांत कोरी करकरीत करून द्याल. तुम्ही ती डोळ्याला लावून टोकापर्यंत पाहिलीत, जमिनीवरच्या कोब्यावर हळूच घरंगळवलीत, आणि म्हणालात, “बडी सरळ आहे. घाई कशाला?” मग मला विचारलंत की खेळताना हात कुठून कुठे फिरतो. मी पडवीतल्या पाटावर डावा हात टेकवून दाखवलं. तुम्ही खडूनं दोन खुणा केल्यात. “म्हणजे हिची खरी जागा एवढीच. बाकीची नुसती वजनाला.” मेस्त, तीस वर्षं खेळणारी माणसंसुद्धा इतकं नेमकं सांगत नाहीत.

आणि मग म्हणालात, “चवथ जावंदी, दिवाळी जावंदी, मागीर पळोवया.” म्हणजे गणेशचतुर्थी होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग बघू.

तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करतो. चवथीच्या आधी तुमच्याकडे गणपतीच्या वर फळंफुलं टांगायच्या माटोळीच्या चौकटींची आणि पाटांची रांग लागलेली असते, हे दिसत होतंच. पण खरं कारण तुम्ही नंतर सांगितलंत. पावसात लाकूड ओल पिऊन आडवं फुगलेलं असतं. तेव्हा घासलं आणि तेल दिलं तर हवा सुकल्यावर ते पुन्हा आकसतं आणि माप बदलतं. तेलही त्या दिवसांत नीट सुकत नाही. चार महिने तुम्ही ती तुमच्या आतल्या खोलीत दोन खिळ्यांना दोरीनं उभी टांगून ठेवलीत. भिंतीला तिरकी टेकवू दिली नाहीत, वाकेल म्हणून. त्या चार महिन्यांसाठी पहिले आभार.

पहिल्या दुपारी तुम्ही काम सुरूच केलं नाहीत. लग्नाच्या एका आमंत्रणपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन त्यात तीन खाचा कापल्यात. एक टोकाच्या पितळी बांगडीखालच्या जाडीची, एक तिथून वीतभर अंतरावरची, एक हातभर अंतरावरची. प्रत्येक खाच दांड्यावर जेमतेम बसेल इतकी घट्ट. “काम झाल्यावर ह्या खाचा ढिल्या लागल्या तर आपण चुकलो.” ही गोष्ट मला अजून थक्क करते. टोकाशी दांडा साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथून मुठीकडे तो हळूहळू जाड होत जातो, आणि त्या उतारावरच क्यूचा सगळा स्वभाव ठरतो. टोकाकडचं लाकूड थोडं जरी जास्त गेलं तरी दांडा लवचीक होतो आणि फटक्याला थरथरतो. शिवाय पितळी बांगडी काही झिजत नाही, लाकूड झिजतं, मग दोन्हींच्या मधे पायरी तयार होते आणि ती बोटाला लागत राहते. यातलं काहीही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

नंतर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तुम्ही मुठीजवळच्या एका झाकल्या जागी नुसता टेकवलात. मिनिटभरात बोळा तांबूस झाला आणि बोटाला चिकटला. “चपडा लाख आहे. ही स्पिरिटनं जाते. पेपर कशाला लावलास, पुता?” तुमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. थर कशाचा आहे हे आधी बघायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. स्पिरिटनं मऊ झाला तर लाख, नाही तर थिनर लावून बघायचं. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा हल्लीचं पॉलियुरेथेन, आणि तेव्हा वेगळा विचार. ज्यांच्या घरी अशी क्यू आहे त्यांनी इथून सुरुवात करावी.

दोन दुपारी आपण लाख पुसली. जुन्या पंचाच्या चिंध्या, स्पिरिट, एका वेळी हातभर लांबी. बांगडीवर आणि एबनीवर तुम्ही चिकटपट्टी गुंडाळलीत. बांगडीपासून बोटभर अंतर ठेवून चिंधी ओली न ठेवता नुसती दमट ठेवायला सांगितलंत, कारण आतला गोंद कुठला आणि किती जुना, ते आपल्याला ठाऊक नाही. घरच्यांना त्या दोन दिवशी पडवीत दिवा लावू दिला नाहीत. चिंधी काळीपिवळी होत गेली आणि खालून ॲश दिसायला लागलं, फिकट, दुधात थेंबभर चहा टाकल्यासारखं. त्यावर एकामागून एक बाणांची टोकं. बाबा त्या बाणांवर बोट ठेवून मला ते मोजायला लावत. मी सात-आठ वर्षांचा असेन. ते बाण मी पंधरा वर्षांनी पाहत होतो.

ते बाण कसे होतात हे मी तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही तुमच्या पद्धतीनं, एक फळकुट तिरकं तासून, दाखवलंत. झाडाच्या वर्षावर्षाच्या कड्या असतात. ॲशमध्ये कडीच्या सुरुवातीचं लाकूड मोठ्या छिद्रांचं आणि नंतरचं घट्ट असतं. दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून तो एकेका कडीला तिरका छेद देत जातो आणि प्रत्येक छेद बाणासारखा दिसतो. ॲशचं झाड तुम्ही कधी पाहिलं नाही. फणस, साग, मत्ती, शिसव ही तुमची लाकडं. पण करवत लागली की लाकूड काय दाखवील ते तुम्हाला डोळे मिटून माहीत.

त्या छिद्रांत वर्षानुवर्षांची खडूची निळी पूड आणि घाम बसला होता. मऊ दात घासायचा ब्रश आणि जरासं स्पिरिट घेऊन तुम्ही मला तो रेषांच्या दिशेनं साफ करायला लावलात. सगळी निळाई गेली नाही. मी अजून घासायला लागलो तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, “पुरो.”

हा शब्द मी तुमच्या तोंडून त्या नऊ दुपारींत किती वेळा ऐकला असेन. पेपरच्या दिवशी तर सारखाच. माझ्या आडव्या रेघा घालवायला तुम्ही ३२० नंबर दिलात, मग ६००, मग १०००, पण फक्त उभ्या दिशेनं, टोकापासून खडूच्या खुणेपर्यंत. दांडा मांडीवर धरून पावपाव वळसा फिरवायचा, आणि प्रत्येक बाजूला मोजून दहा हात. नाहीतर दांडा एका बाजूनं चपटा होतो. मी फुटक्या काचेनं तासू या का म्हणून विचारलं, तुम्ही खुर्च्यांचे हात तसे तासता ते पाहिलं होतं. तुम्ही नको म्हणालात, गोल वस्तूवर काच सपाट पट्टे पाडते. मग पुठ्ठ्याची खाच लावून बघायची, पुन्हा दहा हात, पुन्हा खाच. माझ्या रेघांतल्या दोन खोल होत्या. त्या पूर्ण गेल्या नाहीत. मी हट्ट धरला, अजून थोडं घासू. तुम्ही पुठ्ठा दांड्यावर चढवून माझ्या हातात दिलात. तो आता अगदी किंचित सैल फिरत होता. “रेघ दिसली तर दिसू दे. हाताला लागते का बघ.” मी डोळे मिटून बोट फिरवलं. लागत नव्हती. “पुरो मग.”

मुठीच्या वरच्या अंगाला एक खड्डा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो कसा पडला हे मला माहीत आहे. मी दहा वर्षांचा असताना ती क्यू माझ्या हातून टेबलाच्या कडेवर पडली होती. बाबा तेव्हा मला एक शब्दही बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, गरम पाण्याचा एक थेंब टाकून ठेवला की दबलेलं लाकूड फुगून वर येईल, करू का? मग माझ्याकडे पाहिलंत आणि थांबलात. मी कारण सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. “तिथे हात जात नाही. राहू दे,” एवढंच म्हणून तुम्ही पुढच्या कामाला लागलात. मेस्त, त्या क्षणाचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

तेलाच्या आधी आणखी एक काम होतं, ते मी कधीच केलं नसतं. ओल्या फडक्यानं दांडा पुसून तुम्ही तो सावलीत सुकवलात. सुकल्यावर हाताला बारीक लव लागायला लागली. घामानं ही लव नंतर उठणारच, मग आत्ताच उठवून कापलेली बरी. झिरो पेपरचा एक हलका हात, आणि दांडा रेशमासारखा झाला.

तेलाबद्दल मी तुम्हाला खोबरेल चालेल का म्हणून विचारलं होतं. घरचं होतं, चांगलं होतं. तुम्ही हसलात नाहीत, समजावून सांगितलंत. खोबरेल कितीही दिवस ठेवलं तरी सुकत नाही, तसंच ओलं राहतं आणि शेवटी खवट होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. कच्चं जवस फार दिवस घेतं, म्हणून रंगवाल्यांचं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. पहिल्या हाताला त्यात निम्मं टर्पेंटाइन, म्हणजे ते आत शिरेल. पुढचे हात नुसत्या तेलाचे. तळहातावर चार थेंब, तेवढेच, आणि दांडा गरम लागेपर्यंत चोळायचं. पंधरा मिनिटांनी कोऱ्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं, इतकं की फडक्याला काही लागू नये. वर राहिलेलं तेलच पुढे चिकटतं. दोन हातांमधे निदान एक अख्खा दिवस, ढगाळ असेल तर दोन. असे पाच हात आपण तीन आठवड्यांत दिले. चार तुम्ही मला करायला लावलेत आणि शेवटचा तुम्ही स्वतः केलात.

तेलाची चिंधी मी पहिल्या दिवशी चुरगाळून कोपऱ्यातल्या भुशावर टाकली होती. तुम्ही एरवी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवलात. सुकताना हे तेल उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या चिंधीत ती कोंडते, आणि कोणी काडी न लावता चिंधी पेटते. त्यानंतर प्रत्येक चिंधी बाहेरच्या चिऱ्याच्या गडग्यावर एकेरी पसरून वाळवली. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं बाकी सगळं विसरलं तरी एवढं लक्षात ठेवावं.

मधल्या वेळात आपण चहा घ्यायचो आणि तुम्ही खेळाबद्दल विचारायचात. हा इंग्रजांचाच ना, म्हणालात. मी सांगितलं, खेळणारे इंग्रज लष्करी अधिकारी, पण ह्याच क्यूनं खेळतात तो स्नूकर जन्मला १८७५ साली आपल्या जबलपूरला, पावसाळ्यात बाहेर पडता येईना तेव्हा त्यांच्या मेसमधल्या बिलियर्ड्सच्या टेबलावर. तुम्ही पावसाकडे बघावं तसं वर पाहिलंत, आकाश निरभ्र होतं, आणि म्हणालात, “म्हणजे हाही पावसाचाच.”

नवी चामड्याची टिप मी नंतर मडगावच्या एका मित्राकडून बसवून घेतली. आणि पहिल्याच रविवारी टेबलावर गेलो. डावा हात टेकवला, क्यू मागे घेतली, पुढे सोडली. मेस्त, ती अडली नाही. चकचकीत थरावर घामानं जी ओढ बसायची ती नव्हती. दमट हवा होती, हात घामेजलेला होता, तरी लाकूड हातातून पाण्यासारखं जात राहिलं. तीन फटके मी नुसते रिकामे मारले, चेंडू न लावता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बाबांना ओळखायचे. त्यांनी येऊन दांड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, कोणी केली? मी म्हणालो, फोंड्याकडचे एक मेस्त आहेत.

आईला क्यू दाखवली तेव्हा तिनं ती नाकाशी नेली. जवसाचा मंद वास अजून आहे तिला. मग तिनं बाण मोजले. बारा आहेत. बाबा मला तेरा मोजायला लावायचे, तेरावा बांगडीखाली गेला असेल, असं आई म्हणाली.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “तेल तू आणलंस, हात तुझे, मी कशाचे घेऊ?” मी आग्रह केला तर कमानीचं काम थांबवून तुम्ही माझ्याकडे नुसते बघत राहिलात, आणि मला पाकीट खिशात ठेवावं लागलं. नऊ दुपारी तुमचं देव्हाऱ्याचं काम मागे पडलं, हे मला दिसत होतं. त्याबद्दलही तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मनापासून आभार, मेस्त. माझे, आईचे, आणि बाबा असते तर त्यांचेही. ते तुमच्याशी लाकडावर तासन्‌तास बोलले असते.

तो पुठ्ठा मी नळीतच ठेवला आहे, तीन खाचांचा. वधूवरांची नावं अजून अर्धी वाचता येतात. क्यू तुम्ही सांगितल्याप्रमाणे उभी टांगलेली आहे, आतल्या भिंतीला, बाहेरच्या ओलीच्या भिंतीला नाही. वर्षातून एकदा तेलाचा एक हात द्यायचा, असं तुम्ही निघताना म्हणाला होतात. तो मी घरी देणार नाही. दिवाळी झाली की नळी घेऊन येईन. बेलतेल मी आणीन, चिंध्याही आणीन, आणि गडगा आधीच झाडून ठेवीन.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
बडीवाला